फी माफ आहे म्हणतात, मग ऑगस्टात पैसे कशाचे मागतात? बहिणीचं इंजिनिअरिंग, पुणे की संभाजीनगर

चाकणवाला_भाऊ

नमस्कार मंडळी. मी कळंब तालुक्यातला, जिल्हा धाराशिव. सध्या चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला आहे. प्रश्न धाकट्या बहिणीचा आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं मांडल्याशिवाय तुम्हालाही सांगता यायचं नाही.

तिला सीईटीला ९१ पर्सेंटाईल पडलेत. आम्ही ओबीसी. घरी चार एकर कोरडवाहू, सगळं सोयाबीनवर. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता. आमचा माल खरेदी केंद्रावर ओलावा जास्त म्हणून मागं लावला आणि कृषी दुकानदार उधारीसाठी रोज फोन करत होता, म्हणून अण्णांनी ३,९५० नं आडतीला घालून टाकलं. २६ क्विंटल झालं होतं. बी, खत, फवारणी, काढणी, मळणी जाऊन काय उरतं ते शेतकऱ्याच्या घरच्यांना सांगायला नको. मला कापून-बिपून हातात १७ हजार येतात, त्यातले पाच गावी जातात. आईचे लाडक्या बहिणीचे दीड हजार येतात, ते किराण्याला.

आता समोर तीन वाटा आहेत.

पुण्यातलं एक खासगी कॉलेज, कॉम्प्युटर मिळेल असं वाटतंय. फोन केला तर फी सव्वा लाखाच्या घरात सांगितली. मी म्हटलं, मुलींना माफ आहे ना? तर तिकडून उत्तर, “ते सरकारकडून आलं की बघू, प्रवेशाच्या वेळी भरावं लागेल.” किती भरावं लागेल ते नीट सांगत नाहीत. प्रत्येक फोनला आकडा वेगळा.

दुसरं, संभाजीनगरचं सरकारी. तिथं सिव्हिल नाहीतर मेकॅनिकल मिळेल, कॉम्प्युटर अवघड दिसतंय.

तिसरं म्हणजे गावात एकजण पांढऱ्या गाडीतून येऊन गेला. एका खासगी विद्यापीठाचा माणूस. सीईटी लागत नाही म्हणाला, एआयची ब्रँच देतो, स्कॉलरशिपचं आम्ही बघतो, आज पंचवीस हजार भरून सीट धरून ठेवा. अण्णांना ते पटलंय, कारण तो चहा पिऊन, ओसरीवर तासभर बसून बोलला. पुण्याच्या कॉलेजचा बाबा फोनसुद्धा धड उचलत नाही.

मामाचं चौथंच. कळंबला बीएस्सी करू द्या, जाऊन-येऊन होईल, खर्च नाही.

मला एवढंच विचारायचंय, की फी माफ म्हणजे नेमकं काय माफ? आणि एज्युकेशन लोन काढावं का? अण्णांच्या नावावर पीककर्ज आहे, दोन वर्षांपासून थकलंय. पर्याय फॉर्म, म्हणजे कॉलेज-ब्रँचचा पसंतीक्रम, या आठवड्यात भरायचाय.

---

शाखेतला_जुना

भाऊ, मी सरकारी बँकेत ३४ वर्षं काढली, शेवटची काही बीड आणि लातूर जिल्ह्यांत. शैक्षणिक कर्जाच्या बऱ्याच फायली हाताखालून गेल्यात. तुमच्या पोस्टमधलं महत्त्वाचं वाक्य तुम्ही शीर्षकातच लिहिलंय: ऑगस्टात पैसे. चार वर्षांचा एकूण खर्च किती, याच्यावर घरोघर चर्चा होते. पण मुलं अडकतात ती एकूण खर्चात नाही. पैसे लागतात ऑगस्टात, सरकारचे येतात मार्च-एप्रिलमध्ये, कधी पुढच्या वर्षी. ते मधले महिने कोण भरणार, एवढाच खरा प्रश्न आहे. त्या महिन्यांत सावकाराकडून ३ टक्के महिन्याने उचललेले पैसे मी पाहिलेत. फी माफ झालेल्या मुलीच्या घरी!

आधी माफीचं. जुलै २०२४ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची पूर्ण सवलत आहे. त्याआधी ती निम्मी होती. पण ती फक्त या दोन शुल्कांची. विकास शुल्क, अनामत, वसतिगृह, मेस, बस यातलं काही त्यात येत नाही. खासगी कॉलेजात विकास शुल्कच बऱ्यापैकी असतं. तुम्हाला दरवेळी वेगळा आकडा सांगतात, कारण एकजण फक्त विकास शुल्क सांगतो, दुसरा हॉस्टेल धरून सांगतो. शुल्क नियामक प्राधिकरणाने ठरवलेली फी कॉलेजला जाहीर करावी लागते. ती बघा आणि शिक्षण शुल्क किती, विकास शुल्क किती, हे वेगवेगळं लिहून मागा.

दुसरी अट: प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच झालेला हवा. मॅनेजमेंट कोटा चालत नाही. आणि खासगी विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ यांना ही सवलत लागूच नाही. पांढऱ्या गाडीवाल्याचा विषय इथं संपला. “स्कॉलरशिपचं आम्ही बघतो” म्हणजे पहिल्या वर्षी त्यांच्याच फीत थोडी सूट, पुढची तीन वर्षं पूर्ण भरा. अण्णांना हे रागावून सांगू नका. त्या माणसाला एकच गोष्ट लिहून मागा, चारही वर्षांची फी आणि सूट, शिक्क्यासकट. परत ओसरीवर येणार नाही.

आता कर्ज. ४ लाखांपर्यंत तारण नाही, मार्जिन म्हणजे पदरचा वाटा नाही. पालक सहकर्जदार लागतो. वडिलांचं पीककर्ज थकीत आहे म्हणता, तर शाखेत चालढकल होणार हे धरून चाला. तुमची पगाराची नोंद बँकेत होत असेल तर तुम्हीही सहकर्जदार होऊन बघा, ठेकेदाराकडचे असलात तरी. आणि अर्ज तोंडी परत आला तर गप्प घरी जाऊ नका. ऑनलाइन विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज टाका म्हणजे त्याला क्रमांक पडतो, आणि नाकारायचं असेल तर लेखी कारण मागा. शैक्षणिक कर्ज नाकारायला वरच्या अधिकाऱ्याची संमती घ्यावी लागते. हे ग्राहकाला माहीत आहे असं कळलं, की शाखेतला सूर बदलतो. मी टेबलाच्या त्या बाजूला होतो म्हणून सांगतो.

फीसाठी कर्ज काढू नका, राहण्या-खाण्यासाठी काढा. वर्षाला ६० हजार धरले तर चार वर्षांत २ लाख ४० हजार. आता सगळ्यांच्या तोंडी पीएम-विद्यालक्ष्मी योजना आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली. तीत ३ टक्के व्याज सवलत आहे खरी, पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला ती मिळत नाही, आणि संस्थाही ठरावीक आहेत. म्हणून व्याज माफ होईल असं धरून हिशोब मांडूच नका.

व्याज १० टक्के धरा. शिक्षण चालू असताना आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चढत राहतं. काहीच भरलं नाही तर या रकमेवर हप्ते सुरू व्हायच्या आधीच ८४ हजार व्याज साचतं आणि सात वर्षांसाठी हप्ता पडतो जवळपास ५,४०० चा. तेच व्याज तुम्ही दर महिन्याला भरत गेलात, तर पहिल्या वर्षी महिना ५००, दुसऱ्या वर्षी १,०००, चौथ्या वर्षी २,०००. मग हप्ता पडतो ४ हजारांच्या आसपास. शिकत असताना व्याज भरणाऱ्याला बहुतेक बँका एक टक्का सूटही देतात, मुलींना अर्धा टक्का आणखी. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

---

परभणीची_पुण्यात

दादा, मी तुमच्या बहिणीच्या जागी होते. परभणी जिल्हा, सोयाबीन-कापूस, ओबीसी, आता पुण्यात तिसऱ्या वर्षाला, ईएनटीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम. काकांनी कागदावरचं सांगितलं, मी महिन्याचं सांगते.

कॉट बेसिसवर राहायला साडेपाच ते सात हजार. चौघींत एक खोली, गरम पाणी सहा ते आठ, त्यानंतर आंघोळ थंडच. मेस ३,२००, रविवारी रात्री बंद. म्हणून रविवारी सगळ्या मॅगी खातात. प्रॅक्टिकलच्या जर्नल, प्रिंटआउट, पीएमटीचा पास, मोबाईल रिचार्ज धरून महिन्याला बारा हजाराच्या खाली माझं कधी आलं नाही. वर एकदा लॅपटॉप. पहिल्या वर्षी नसला तरी चालतो, सरांचं ऐकून घाबरून हप्त्यावर घेऊ नका. लॅबमध्ये संध्याकाळी बसू देतात.

फॉर्म भरताना महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, बारीक लक्ष ठेवा. माझ्या वर्गातल्या एकीचे पैसे आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं होतं म्हणून तिकडे गेले. ते खातं तिच्या लहानपणी शाळेत काढलेलं, बंद पडलेलं. बँकेत जाऊन विचारा, “आधार कुठल्या खात्याला मॅप आहे?” खातं आधारला लिंक असणं वेगळं आणि सरकारी पैसे त्याच खात्यात येणं वेगळं. दोन हप्त्यांत येतात. मंजूर झालं की व्हाउचर रिडीम करायचं असतं, ते करायचं राहिलं तर पैसे तिथंच पडून. कॉलेजच्या स्कॉलरशिप टेबलावर जो क्लार्क असतो त्याच्याकडे अर्ज अडकलेला असतो, तो पुढे पाठवतो तेव्हाच वर जातो. मी दर सोमवारी मधल्या सुट्टीत तिथं जाऊन उभी राहायचे. त्यांना माझं नाव पाठ झालं, काम झालं.

ऑगस्टच्या पैशांबद्दल, आमच्याकडे प्राचार्यांना अर्ज दिला, की शिष्यवृत्ती आल्यावर भरते, विकास शुल्क तीन हप्त्यांत देते. हमीपत्र लिहून घेतलं. सगळीकडे ऐकतात असं नाही, माझ्या मैत्रिणीच्या कॉलेजात मूळ कागदपत्रंच ठेवून घेतली होती. ते नियमात बसत नाही, मूळ गुणपत्रिका तपासून लगेच परत द्यायची असते.

आणि दोन ठिकाणी लगेच अर्ज करा. एक, ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी. वसतिगृह मिळालं नाही तर पुणे-मुंबईत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका शहरांत ५१ हजार. जिल्ह्याला जागा ठरलेल्या असतात आणि गुणांप्रमाणे यादी लागते. मला दुसऱ्या वर्षी मिळाली, आणि तेही वर्ष संपताना. दोन, पुण्यातली विद्यार्थी सहाय्यक समिती. १९५५ पासून खेड्यातल्या मुलामुलींना ठेवून घेतात, परिस्थिती बघून. मुलाखत असते. तिथं काम वाटून घ्यावं लागतं आणि वेळा कडक आहेत, पण खर्च बाहेरच्या मानाने फारच कमी.

---

स्पष्टच_बोलतो

एवढा खटाटोप करून इंजिनिअर होणार आणि मग चाकणलाच १८ हजारांवर लागणार. पोरीला नर्सिंग नाहीतर पॉलिटेक्निक करा, हाताला काम मिळेल. इंजिनिअरचं पीक आलंय महाराष्ट्रात.

---

चाकणवाला_भाऊ

@स्पष्टच_बोलतो, माझ्या लाईनवर दोन बीई आहेत, मला माहीत आहे. त्यातला एक माझ्याच हाताखाली गेज लावायला शिकला. पण तोच तीन वर्षांत क्वालिटीला गेला आणि मी आयटीआयवाला अजून लाईनवरच आहे. कंपनीत वर चढायला कागद लागतो. नर्सिंग तिला नको आहे, विचारलंय. बारावी झालेली आहे, आता पॉलिटेक्निक म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाला, आणि डिग्री करायची तर नंतर परत फेऱ्या.

काका, तुमचा हिशोब मी कागदावर उतरवून अण्णांना फोनवर वाचून दाखवला. व्याजाचं त्यांना लगेच कळलं. पांढऱ्या गाडीवाल्याला लिहून मागितलं, तो म्हणाला “विश्वास ठेवा.” अण्णा तेवढ्यावरच समजले.

ताई, तुमचं महिन्याचं बारा हजार वाचून पोटात गोळा आला. संभाजीनगरला किती लागेल कुणी सांगेल का? आणि बीएस्सीबद्दल मामाला काय सांगू? त्यांचं म्हणणं, एसटीने जाऊन येईल, फुकट.

---

तासिकावाला

एसटीचं आधी. मुलींचा मोफत पास बारावीपर्यंत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतला. पुढे विद्यार्थ्यांच्या सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. महाग नाही, पण फुकटही नाही.

बीएस्सीबद्दल बोलायला मी योग्य माणूस आहे, कारण तालुक्याच्या कॉलेजात मीच शिकवतो. भौतिकशास्त्र, नेट झालेलं, तासिका तत्त्वावर. आमच्या विभागात कायम माणूस एकच, आम्ही बाकीचे तासावर. सुट्टी पडली की मानधन बंद, आणि चालू असतं तेव्हाही महिनोन्महिने हातात येत नाही. गेली दिवाळी पत्नीच्या शिवणकामावर झाली. मी मनापासून शिकवतो. पण ऑक्टोबरमध्ये आमच्यातला कोणी दुसरीकडे तास मिळाले म्हणून सोडून गेला तर तो पेपर वर्षभर तसाच राहतो. प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोप आहे, मी रुजू व्हायच्या आधीपासून बिघडलेला.

म्हणजे बीएस्सी वाईट असं नाही. चांगल्या ठिकाणी, पुढे एमएस्सी आणि नेट-सेट करायची जिद्द असेल, तर करा. पण मामांना सांगा, की स्वस्त शिक्षणाची किंमत कोणीतरी भरत असतं. आमच्याकडे ती मी आणि माझे विद्यार्थी भरतो. ९१ पर्सेंटाईलच्या मुलीनं जवळ आहे म्हणून इथं येऊ नये. हे मी माझ्या पोटावर पाय देऊन सांगतोय, कारण पटसंख्या घटली की माझे तास जातात.

संभाजीनगरचं म्हणाल तर माझी भाची तिथं शिकली. सरकारी कॉलेज १९६० चं आहे, आवारातच मुलींचं वसतिगृह आहे, आणि ते मिळालं तर महिना पाच-सहा हजारांत भागतं. बाहेर राहिली तरी पुण्यापेक्षा तीन-चार हजार कमीच. वाळूज, शेंद्र्याच्या कंपन्या जवळ आहेत, मेकॅनिकलच्या मुलांना तिथं इंटर्नशिप मिळते. तिथून एसटीने संध्याकाळपर्यंत कळंबला घरी पोचता येतं, आणि महिलांना अर्धं तिकीट आहे.

---

परभणीची_पुण्यात

सरांना +१. कॉम्प्युटर-कॉम्प्युटर सगळे करतात, पण तिला काय आवडतं ते तुमच्या पोस्टमध्ये कुठंच आलं नाही दादा.

---

चाकणवाला_भाऊ

खरंय. आत्ताच फोन केला. म्हणाली, “मला मशीन आवडतात, पण मुलीला मेकॅनिकल मिळालं तर लोक काय म्हणतील म्हणून बोलले नाही.” घरात मीच मशीनवर आहे, आणि तिला माझ्याशीच बोलायला संकोच!

एक अडचण राहिलीच सांगायची. जात पडताळणी अजून झालेली नाही. अर्ज दिलाय धाराशिवला समितीकडे, पावती आहे. माझी कधी केली नव्हती, आयटीआयला लागली नाही. नॉन-क्रिमीलेअर आहे, उत्पन्नाचा दाखला तहसीलचा आहे.

---

शाखेतला_जुना

पडताळणी सगळ्यात आधी. बाकी सगळं तिच्यावर टांगलेलं आहे. पावतीवर फॉर्म भरता येतो, पण प्रमाणपत्र मुदतीत दिलं नाही तर जागा खुल्या प्रवर्गात धरतात, आणि ओबीसीची सवलतही जाते. समितीला १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबांचा किंवा चुलत आजोबांचा शाळेचा दाखला, प्रवेश निर्गम उतारा, जुना कोतवाल बुकाचा उतारा, जे मिळेल ते. चुलत घराण्यात कुणाची वैधता झालेली असेल तर त्याची प्रत आणि वंशावळ जोडा, काम निम्म्यावर येतं. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत अण्णांनाच पाठवा. मुख्याध्यापक ओळखीचे असतील.

पर्याय फॉर्मचं विसरू नका. २०२५ च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तोच पक्का होतो, मागे फिरता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कुठलाही, तिसरीत पहिल्या सहांपैकी. म्हणजे ज्या जागेवर खरंच जायचंय तीच वर लिहा, नुसतं बघू म्हणून पुण्याचं नाव वर टाकू नका. तिला मशीन आवडत असतील तर संभाजीनगर मेकॅनिकल एक नंबरला, आणि फॉर्म तिच्या हाताने भरू द्या.

वसतिगृहाचा अर्ज प्रवेश पक्का झाला त्याच दिवशी. मिळालं, तर कर्ज ६० ऐवजी ४० हजारांवर येईल. सावित्रीबाई फुले आधार योजनेचा अर्ज तरीही तयार ठेवा, वसतिगृहाची यादी लागेपर्यंत. दोन्ही एकदम घेता येत नाहीत, पण कुठलं मिळेल ते आधी कळत नाही.

आणि अण्णांच्या थकीत कर्जाचं. शाखेत जाऊन नुसतं विचारा, पुनर्गठन किंवा एकरकमी तडजोड काही चालू आहे का. न विचारता बसलेल्या माणसाची फाईल सगळ्यात खाली असते.

---

चाकणवाला_भाऊ

शनिवारी सुट्टी टाकून गावी निघतोय. चुलत चुलत्याच्या मुलाची वैधता झालीय असं आईला आठवलं, तो लातूरला असतो, त्याचा नंबर काढतोय. फॉर्म ती भरेल, मी शेजारी बसेन. काका, कर्जाच्या फाईलला कॉलेजचं कुठलं पत्र लागतं तेवढं सांगून ठेवा.

---

शाखेतला_जुना

बोनाफाईड आणि वर्षवार खर्चाचं पत्र. त्यात वसतिगृह, मेस, पुस्तकं, परीक्षा हे वेगवेगळं लिहिलेलं असू द्या, नुसता “फी” असा एक आकडा नको. शिक्षण शुल्कापुढे “सवलत” असं लिहून घ्या, नाहीतर शाखा म्हणेल फी माफ आहे तर कर्ज कशाला. कॅपचं अलॉटमेंट लेटर, दहावी-बारावीचे निकाल, तुमच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, खात्याचं स्टेटमेंट. सगळ्याच्या दोन प्रती, आणि शाखेतून पोच घेतल्याशिवाय उठू नका.